सेल्फ लागतो, गाडी मात्र सुरू होत नाही

पहाटे पाच वाजता मुरुडची बाजारपेठ निजलेली असते. आश्विन संपत आलेला, सोयाबीनचा हंगाम ऐन भरात. आडत दुकानांच्या ओट्यांवर पोत्यांच्या थप्प्या ताडपत्रीखाली झाकलेल्या आणि रस्त्यावर सांडलेल्या दाण्यांचा पिवळा सडा. अशा वेळी एका दुकानामागच्या वाड्यातून मोटारीची घरघर ऐकू आली. थांबली. पुन्हा झाली, पुन्हा थांबली. आठ-दहा वेळा असे झाल्यावर शेजारच्या घरातला दिवा लागला.

वाड्यातल्या आजींना लातूरला न्यायचे होते. आठवड्यातून तीनदा त्यांचे डायलिसिस होते आणि सकाळी सातची पाळी ठरलेली असते. मुरुड ते लातूर अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. साडेपाचला निघाले की निवांत पोहोचता येते. पाळी चुकली तर दुसरी केव्हा मिळेल, हे यंत्र मोकळे होण्यावर अवलंबून. शरीरात साचणारे पाणी मात्र तोवर थांबत नाही. सूर्योदयापूर्वी पाण्याचा थेंबही तोंडात न घेणाऱ्या आजी शाल पांघरून मागे बसल्या होत्या. नातू किल्ली फिरवीत होता. प्रत्येक वेळी सेल्फ लागे, इंजिन फिरे, आणि पेट मात्र घेत नसे.

आण्णा बाहेर आले. त्यांनी गाडीकडे पाहिले आणि मग ड्रायव्हरकडे.

“काल पेट्रोल कुठं भरलंस?”

“लातुरात, नेहमीच्या पंपावर, मालक.”

“पावती?”

पावती नव्हती. आण्णा पुढे काही बोलले नाहीत. पण जे बोलले नाहीत, ते अंगणातल्या सर्वांनी ऐकले. अकरा वर्षे घरात वावरलेला तो माणूस बोनेटकडे पाहत उभा राहिला. शेजाऱ्यांनी आपली गाडी काढली, आजी वेळेवर लातूरला पोहोचल्या, आणि अंगणात एक बंद गाडी व एक न उच्चारलेला आरोप उरला.

गाडी सुरू होत नाही, या एका वाक्यात दोन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. किल्ली फिरवल्यावर नुसते ‘टक्’ होणे किंवा काहीच न होणे, हे एक. तिथे संशय बॅटरी, तिची टोके, सेल्फ यांच्यावर. दुसरी तक्रार वाड्यातली: सेल्फ इंजिनाला जोमाने फिरवतो, पण इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागत नाही. हा फरक ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ श्रम वाया जातात. चार माणसे गोळा करून गाडीला धक्का देणे, हे त्यातले नेहमीचे. धक्का सेल्फचे काम करतो. जिथे सेल्फ आपले काम चोख करीत आहे, तिथे धक्क्याने काय साधणार?

इंजिनाला पेट घेण्यासाठी फार थोड्या गोष्टी लागतात. हवा, इंधन, ते दोन्ही दाबून धरणारा दाब, आणि पेट्रोलच्या गाडीत नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. सेल्फ लागूनही गाडी सुरू होत नसेल, तर यांतले काहीतरी येत नाही किंवा वेळेवर येत नाही. तपासणी म्हणजे काय येत नाही ते ठरवणे. सुटा भाग बदलणे ही त्यानंतरची गोष्ट; प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी आधी भाग बदलला जातो आणि तपासणी होते ती बिल पाहून.

त्या दिवशीही तसेच घडायचे होते. नातवाने मोबाइलवरून एका ओळखीच्या तरुण मेकॅनिकला विचारले. त्याने सांगितले, “प्लग काढून बघा, कोरडा असेल तर पंप गेला.” प्लग काढला, तो कोरडा ठणठणीत. पेट्रोल येत नाही हे ठरले. पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो, टाकी उघडावी लागते, नवा पंप लातूरहून आणावा लागतो. खर्चाचा आकडा पाचांकी होण्याच्या बेतात आला. आण्णांच्या मनातला संशयही बळावला. पेट्रोलमध्ये पाणी किंवा रॉकेल असेल, त्यानेच पंप खाल्ला असेल, आणि नेहमीचा पंप सोडून स्वस्तातले पेट्रोल कुणी आणि का भरले असेल, हे सांगायला नको.

नऊच्या सुमारास गावातले जुने मिस्त्री आले. त्यांचा हात फियाटवर बसलेला. या घरातही पूर्वी एक प्रीमियर पद्मिनी होती आणि तिची देखभाल तेच करीत.

त्या गाडीचे या भागाशी असलेले नाते फारसे कुणाच्या ध्यानात नसते. १८८२ साली सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात जन्मलेले वालचंद हिराचंद घरच्या व्यापारात रमले नाहीत. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घेतली, आणि त्यांतले अगदी आरंभीचे काम बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे या छोट्या टप्प्याचे होते. तीच अरुंद रुळांची गाडी पुढे मुरुडवरून १९११ साली लातूरला पोहोचली आणि या बाजारपेठेचा माल बाहेर नेऊ लागली. त्याच वालचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. १९४७ पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९५३ मध्ये ते निवर्तले; फियाटच्या परवान्यावर बनलेली आणि पुढे पद्मिनी हे नाव मिळालेली गाडी घराघरांत पोहोचली ती त्यानंतर.

त्या पद्मिनीचे दुखणे डोळ्यांनी दिसत असे. कार्बोरेटरची नळी काढली की पेट्रोल येते की नाही ते कळे. पॉइंट घासले गेले की पॉलिश कागदाने साफ करता येत. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत दमट हवा शिरली, तर कोरड्या फडक्याने पुसून गाडी चालू होई. आजच्या गाडीत हे सारे एका संगणकाच्या हवाली आहे. ठिणगी केव्हा टाकायची, पेट्रोल किती फवारायचे, पंप चालू ठेवायचा की नाही, हे तो ठरवतो. आणि ते ठरवण्यासाठी त्याला ठिकठिकाणच्या सेन्सरांकडून खबर यावी लागते. खबर थांबली की हुकूम थांबतो. जुन्या माणसाचा इथे गोंधळ उडेल असे वाटते, पण मिस्त्रींनी काहीही उघडले नाही. बॅटरी आधीच थकलेली म्हणून शेजारच्या गाडीची बॅटरी तारांनी जोडून घेतली, नातवाच्या शेजारी बसले आणि म्हणाले, “किल्ली नुसती ‘ऑन’ला आणा. सेल्फ नको.”

मागच्या आसनाखालून दोन सेकंद बारीक गुणगुण झाली आणि थांबली. “हा तुमचा पंप. जिवंत आहे.”

दुसरे, तक्त्यावरचे दिवे. इंजिनाचे पिवळे चित्र किल्ली ‘ऑन’ होताच उजळले पाहिजे. ते उजळलेच नाही, तर संगणकाला वीजच मिळत नाही असे समजून आधी फ्यूज आणि रिले पाहावेत. किल्लीचे किंवा कुलपाचे चित्र सारखे लुकलुकत असेल, तर गाडीने किल्ली ओळखलेली नसते. अशा वेळी कपाटातली दुसरी किल्ली लावून पाहिली की अर्धा प्रश्न सुटतो. व्यापारी घरात दुसरी किल्ली तिजोरीत असते आणि तिजोरीची किल्ली आण्णांकडे, ही गोष्ट वेगळी. इथे मात्र दोन्ही चित्रे जशी हवी तशीच होती.

“आता सेल्फ मारा, आणि आरपीएमच्या काट्याकडे बघा.”

इंजिन फिरले. काटा शून्यावर निपचित. मिस्त्रींनी आणखी एकदा खात्री केली आणि हसले.

सेल्फ इंजिनाला मिनिटाला साधारण दोनशे-तीनशे फेरे देतो. तेवढ्याने बहुतेक गाड्यांचा काटा शून्यावरून थोडासा तरी उचलतो. सगळ्याच गाड्यांत तो उचलतो असे नाही, म्हणून हा पुरावा एकटा पुरेसा नाही. पण इंजिन डोळ्यांदेखत फिरत असताना काटा जागचा हलत नसेल, तर फेऱ्यांची मोजदाद करणाऱ्या क्रँक सेन्सरवर पहिला संशय घ्यावा. त्याची खबर आली नाही, की संगणकाच्या लेखी इंजिन फिरतच नाही. मग तो पेट्रोलही फवारत नाही आणि ठिणगीही टाकत नाही. पंप दोन सेकंद गुणगुणून गप्प बसतो तोही त्यामुळेच: अपघातात इंजिन थांबल्यावर पेट्रोल वाहत राहू नये, म्हणून केलेली ही सोय आहे.

दुकानाचे दिवाणजी एव्हाना ओट्यावर येऊन उभे होते. त्यांनी आण्णांना एकच विचारले, “ठिणगी पण नाही अन् पेट्रोल पण नाही, दोन्ही एका रात्रीत कसं बंद पडेल?” दिवाणजींचे आयुष्य खतावणीत गेले. दोन खात्यांत एकाच रकमेचा फरक आला, तर चुका दोन शोधायच्या नसतात; रोजमेळातली ती एक नोंद शोधायची असते जिथून दोन्हीकडे रक्कम गेली. कोरड्या प्लगने ‘पेट्रोल येत नाही’ एवढे खरे सांगितले होते. ते का येत नाही, हे त्याने सांगितले नव्हते. पंप गेला हा निष्कर्ष माणसांनी जोडला.

ठिणगी नाही हेही मिस्त्रींनी अंदाजाने ठरवले नाही, ठिणगी तपासण्याच्या छोट्या दिव्याने पाहिले. प्लग बाहेर काढून तो इंजिनाच्या अंगाला टेकवून सेल्फ मारण्याची जुनी रीत त्यांनी सोडून दिली आहे. तिथे पेट्रोलची वाफ असते आणि आजच्या कॉइलचा झटका साधा नसतो. त्याहून वाईट रीत म्हणजे हवेच्या तोंडातून थेट पेट्रोल ओतून गाडी पेटते का ते पाहणे. रस्त्याच्या कडेला हा प्रयोग अजूनही होतो आणि माणसे भाजतात.

मग मिस्त्री गाडीखाली गेले. गिअरबॉक्सच्या जवळून जाणाऱ्या तारांच्या जुडग्यावर त्यांनी बॅटरीचा प्रकाश टाकला आणि आण्णांना खाली वाकून पाहायला सांगितले. क्रँक सेन्सरकडे जाणाऱ्या दोन तारांचे आवरण कुरतडलेले होते. एक तार पार तुटलेली. बाजूच्या खोबणीत सोयाबीनची टरफले होती, एअर फिल्टरच्या डब्यात पोत्याचा सुतळीचा चोथा आणि आणखी दाणे. गाडी उभी राहत होती ती गोदामाच्या भिंतीला लागून. रात्री बंद केलेल्या इंजिनाची ऊब, जवळ दाण्यांचा साठा आणि दात घासायला मऊ आवरण. उंदराला याहून काय हवे?

तार जोडून, डिंकाच्या टेपऐवजी नीट नळी चढवून आणि जुडगे वर बांधून व्हायला चाळीस मिनिटे लागली. दुसऱ्या सेल्फला गाडी सुरू झाली. मजुरीसकट खर्च चारशेच्या आत.

आण्णांच्या मनात पेट्रोल मात्र अजून घोळत होते. मिस्त्रींनी पारदर्शक बाटलीत थोडे पेट्रोल काढून ओट्यावर ठेवले. पाणी जड असल्याने तळाशी बसते आणि मधली रेषा स्पष्ट दिसते. अर्ध्या तासानेही बाटलीत रेषा उमटली नाही. “अन् शेठ,” मिस्त्री म्हणाले, “पेट्रोलमध्ये पाणी असतं तर काल लातूरहून येतानाच गाडीनं झटके दिले असते. शिवाय पाण्यानं काटा कशाला मरेल?” हा प्रश्न पहाटेच कुणी विचारला असता तर बरे झाले असते. इंधनाची भेसळ होते, त्याने गाड्या बंद पडतात, हे खरेच आहे. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असल्यामुळे ओलाव्याची काळजी अधिक घ्यावी लागते आणि बरेच दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीत टाकी रिकामी ठेवू नये. पण जे दुखणे काट्यावर दिसते, ते टाकीत शोधायचे नसते.

काटा हलत असता तर शोध दुसऱ्या वाटेने गेला असता. पंपाची गुणगुण नसती, तर फ्यूज आणि रिले. त्याच आकाराचा हॉर्नचा रिले क्षणभर तिथे लावून पाहता येतो, मात्र दोन्हींवरचे आकडे जुळले पाहिजेत. प्लग ओला असता आणि पेट्रोलचा वास येत असता, तर इंधन पोहोचते आहे पण पेटत नाही, असे समजावे. अशा ‘फ्लड’ झालेल्या इंजिनात अॅक्सिलरेटर तळाशी दाबून धरून सेल्फ मारला, तर बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा फवारा थांबतो आणि आतले पेट्रोल बाहेर पडते. सेल्फ एरवीपेक्षा हलका आणि एकसुरी फिरत असेल, दाबाची उसळी जाणवत नसेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता असते. तिथे पुन्हा सेल्फ मारू नये. झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन उघडण्याची पाळी येते. गाडी सकाळी थंडीत सुरू होते आणि दुपारी तापल्यावर बंद पडून तासाभराने आपोआप चालू होते, अशी तक्रार असेल तरी क्रँक सेन्सर आठवावा. तो तापल्यावर दगा देतो आणि निवल्यावर शहाण्यासारखा वागतो, म्हणून गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष सापडत नाही.

बाजारातले पिकअप आणि टेम्पो डिझेलचे. तिथे ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन पेटते. टाकी तळाला गेली की नळ्यांत हवा शिरते, गाडी ‘एअर धरते’, आणि हातपंपाने हवा काढल्याखेरीज सुरू होत नाही. फिल्टर तुंबणे, त्याच्या तळाशी पाणी साचणे, थंडीत हीटर प्लग न तापणे हे पुढचे. नव्या डिझेल गाडीच्या जाड, जोरदार दाबाच्या नळ्या मात्र स्वतः सैल करू नयेत. त्यातला फवारा कातडीतून आत घुसतो आणि वरून जखम क्षुल्लक दिसते.

नातवाच्या हातून एक चूक झाली ती सार्वत्रिक आहे. पहाटे त्याने पंधरा-वीस वेळा सेल्फ मारला. सेल्फ शंभर-दोनशे अँपिअर विजेचा घास एका वेळी घेतो. एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये निदान अर्धा मिनिट थांबावे. नाहीतर मूळ दोष तसाच राहतो आणि त्यात बॅटरी उतरल्याचा दुसरा दोष मिसळतो. पुरेशी भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साडेबारा व्होल्टच्या वर दाखवते. सेल्फ चालू असताना ती साडेनऊच्या खाली घसरू लागली, तर सेल्फ फिरत असूनही संगणक नीट जागा राहत नाही, आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते.

हल्ली स्टिअरिंगखालच्या खोबणीत लावायचे छोटे स्कॅनर स्वस्तात मिळतात. पुष्कळ दोषांचा क्रमांक ते दाखवतात. तो क्रमांक म्हणजे साक्षीदाराचा जबाब, निकाल नव्हे. क्रँक सेन्सरचा क्रमांक आला म्हणून कुणी नवा सेन्सर आणला असता, तर तुटलेली तार तुटलेलीच राहिली असती.

आता उंदरांचे काय करायचे, हा प्रश्न उरला. दुकानदाराच्या पोऱ्याने लगेच विषाच्या वड्यांचे नाव काढले. आण्णांनी हात वर केला आणि विषय तिथेच संपला. चिकट पट्ट्याही नकोत. त्यावरचे मरण विषापेक्षा लांबणारे. त्यापेक्षा जे मुळात करायला हवे होते ते करायचे ठरले: गाडी गोदामाच्या भिंतीपासून काढून समोरच्या उघड्या, उजेडाच्या जागेत लावायची, सांडलेले दाणे रात्री दुकान बंद करण्यापूर्वी झाडून घ्यायचे, गोदामाच्या मोरीला लोखंडी जाळी, आणि लाकडी सापळ्याऐवजी तारेचा पिंजरा. गाडी दोन दिवस उभी राहिली, तर सकाळी एकदा बोनेट उघडून पाहायचे. जाळी बसवायला गवंडी दुपारीच आला.

त्याच दुपारी आण्णांनी ड्रायव्हरला गादीवर बोलावले. दिवाणजी समोर होते. त्यांना उठून जायला आण्णांनी सांगितले नाही, कारण सकाळचा प्रश्नही चारचौघांत विचारलेला होता.

“सकाळी मी पावती मागितली, ती पेट्रोलची नव्हती,” आण्णा म्हणाले. “माझं चुकलं. क्षमा कर.”

ड्रायव्हर काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “आजींना उशीर झाला नाही ना, मालक?”

दोन दिवसांनी पुन्हा पाळी होती. पहाटे साडेपाचला गाडी पहिल्याच सेल्फला सुरू झाली. आजी मागे बसल्या. पुढच्या आसनाखाली फडक्याने झाकलेला पिंजरा होता. गाव मागे पडल्यावर एका पडीक माळाशी ड्रायव्हरने गाडी थांबवली, पिंजरा घेऊन तो उतरला आणि दार उघडून मागे सरकला. आतला जीव क्षणभर बिचकला, मग गवतात नाहीसा झाला.

“गेला का रे?” आजींनी काच खाली करून विचारले.

“गेला, आजी.”

पूर्वेला नुकते फटफटत होते. गाडी लातूरच्या वाटेला लागली.